बटण पेटलं, दिवा पेटला का?

आमच्या मढला धुक्याची कमतरता नाही. जून संपला की माळशेजच्या बाजूने ते येतं, पिंपळगाव जोगा धरणाच्या पाण्यावर पसरतं आणि मग हरिश्चंद्रगड कुठल्या दिशेला आहे हे गावच्या माणसालाही बोटाने दाखवता येत नाही. हॉस्टेलवरची मंडळी पावसाळ्यात बाईक काढून याच धुक्यात फोटो काढायला येतात. आमच्या नानांना (म्हणजे माझे चुलते) त्यातूनच रात्री भाजीचा पिकअप घेऊन कल्याण मार्केट गाठायचं असतं. खुबी फाटा मागे पडला की घाट सुरू. पुढचं दिसत नसलं तर गाडी हळू घेता येते हो, पण मागून येणाऱ्या ट्रकला आपण दिसतोय की नाही, याचं काय करायचं?

यासाठीच नानांनी गाडीला जादा दिवे बसवून घेतले होते. पुढे ५५ वॅटचे दोन फॉग लॅम्प आणि मागे २१ वॅटचा एक लाल दिवा. डॅशबोर्डवर दोन पेटणारी बटणं. २०२४च्या जुलैत मी घरी गेलो, तर नानांची तक्रार तयार होती. "इंजिनिअर, ह्ये बघ. पुढच्या दिव्याचं बटण बंद हाय, तरी मिणमिणतंय."

खरंच मिणमिणत होतं. आणि गंमत म्हणजे पार्किंग लाईट लावले तरच. चुलतभावाने निदान केलं, "बटण डुप्लिकेट आहे." आपल्याकडे कारण सापडलं नाही की वस्तू डुप्लिकेट ठरते!

या बटणाला चार पिना असतात. एक फ्यूजमधून येणाऱ्या करंटची, दुसरी दिव्याकडे जाणारी, तिसरी अर्थची आणि चौथी पार्किंग लाईटची. आत दोन चिमुकले बल्ब. एक बटण दाबल्यावर लागतो. दुसरा पार्किंगबरोबर लागतो, अंधारात बटण सापडावं म्हणून. दोघांची अर्थ पिन मात्र एकच. आता ही अर्थच निसटली तर? पार्किंगचा करंट एका बल्बातून अर्थ पिनेपर्यंत येतो, बाहेर पडायला वाट नाही, म्हणून उलटा दुसऱ्या बल्बात शिरतो आणि दिव्याकडच्या वायरने रिलेच्या कॉईलमधून बॉडीला जातो. दोन बल्ब आणि कॉईल सिरीजमध्ये! करंट इतका कमी की रिले ओढत नाही, पण बल्ब मात्र मिणमिणतात. किरचॉफने १८४५ साली नियम मांडले ते व्हायवात विचारायला, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा डॅशबोर्डखाली पाठीवर झोपून पाहावं. (बल्बऐवजी एलईडी असती तर तिने उलटा करंट अडवला असता आणि हे नाटक झालंच नसतं.)

काळी वायर डॅशबोर्डमागच्या स्क्रूला लावली होती, तीही रंगावरच. रंग खरवडला, लग घट्ट आवळला, मिणमिण बंद. नाना खूश. चहा आला.

चहा होईपर्यंत चुलतभावाला म्हटलं, आता मागे उभा राहा, एकेक दिवा तपासू. मागचं बटण दाबलं. बटण झकास लाल पेटलं. मागून आवाज आला, "दादा, लाव ना!"

"लावलाय!"

"कुठं लावलाय?"

नाना खिडकीतून डोकावले. "अरं, पेटलंय की बटण."

इथे मला जरा घाम फुटला. पुढचे दिवे लागले नाहीत तर समजतं, रस्त्यावर उजेड पडत नाही. मागचा दिवा ड्रायव्हरला त्याच्या सीटवरून दिसतच नाही. त्याच्याकडे पुरावा एवढाच, बटणाचा उजेड. नाना किती रात्री त्या उजेडावर भरवसा ठेवून घाट उतरले होते, कोण जाणे. बटणातला बल्ब हा दिव्याला पॅरलल असतो. करंट बटणाच्या दुसऱ्या पिनेपर्यंत आला, एवढंच तो सांगतो. पुढे वायर तुटो, बल्ब उडो, बटण आपलं हसतंच.

मागे दिव्यापाशी गेलो. चुलतभावाने मल्टिमीटरचा बीप लावून पाहिला, दिव्याच्या काळ्या वायरीपासून बॉडीपर्यंत. वाजला. "अर्थ ओके!" पण बऱ्याच मीटरांचा बीप वीस-तीस ओहमलाही वाजतो, आणि २१ वॅटचा बल्ब पेटलेला असताना स्वतःच जेमतेम सात ओहमचा. वीस ओहमचा गंज मध्ये आला की बल्बच्या वाट्याला काही उरतच नाही. म्हणून बटण चालू ठेवून त्याच काळ्या वायरीवर बॉडीच्या तुलनेत व्होल्टेज मोजलं. शून्याच्या आसपास हवं, आलं ११ च्या वर. म्हणजे बॅटरीचा सगळा जोर त्या गंजलेल्या नटबोल्टवर खर्च होत होता. चिखल धुऊन, पॉलिश पेपर मारून, नवा लग लावून वर ग्रीस थापलं. दिवा असा लागला की अंगणातली कोंबडी उठली!

पिना उलटसुलट लागल्या की काय होतं तेही सांगून टाकतो. करंटची आणि दिव्याची पिन अदलाबदल झाली तर दिवा नीट चालतो, पण बटण कायम पेटलेलं. दिव्याची आणि अर्थची झाली तर बटण दाबताक्षणी फ्यूज उडतो. आणि म्हणून जाड फ्यूज टाकू नका, वायर जळते.

ही गफलत फक्त पिकअपमध्येच होते असं नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, थ्री माईल आयलंडच्या अणुवीज केंद्रात, २८ मार्च १९७९ रोजी एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला. कंट्रोल रूममधला दिवा मात्र विझला होता, कारण तो व्हॉल्व्हची स्थिती दाखवत नव्हता, 'बंद हो' हा हुकूम गेला एवढंच दाखवत होता. ऑपरेटरांनी व्हॉल्व्ह बंद झाला असं धरलं. रिॲक्टरचा गाभा अर्धवट वितळला.

नानांचा पुढचा प्रश्न अगदी रास्त होता. "मग खरं सांगणारं बटण मिळत न्हाई का?" बाजारातल्या साध्या बटणात नाही मिळत, पण करता येतं. मागच्या दिव्याची वायर एका रीड स्विचभोवती वीसेक वेढे गुंडाळायची. दिव्यातून पावणेदोन अँपिअर खरंच वाहिले तरच त्या चुंबकत्वाने आतल्या पट्ट्या चिकटतात आणि डॅशबोर्डवरची एलईडी लागते. बल्ब उडाला, अर्थ गेली, काहीही झालं तरी एलईडी विझलेलीच. ज्यांना मिनी प्रोजेक्ट सापडत नाहीये त्यांनी खुशाल उचलावा. फक्त रीड स्विच काचेचा असतो, वायर थेट त्याच्यावर आवळू नका. आधी बॉलपेनच्या नळीवर गुंडाळा, मग तो आत सरकवा.