इलाज कोणाच्या मनाचा?



गेल्या पावसात मालवणजवळच्या आमच्या बौद्धवाडीतून आईला एका दवाखान्यात नेले. छातीत धडधड, रात्र रात्र झोप नाही. तरुण डॉक्टरने केसपेपरवरचे आडनाव वाचले, वाडी विचारली आणि हात न लावताच गोळ्या लिहून दिल्या. परतताना आई म्हणाली, "वाडी इचारली, दुखणा कोणी इचारूक नाय."

त्या डॉक्टरला ठोके मोजायला शिकवले होते. मनातली जात ओळखायला कोणी शिकवले?

हाच प्रश्न कॉलेजच्या आतही आहे. २००७ साली सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या एम्समधला जातिभेद नोंदवला. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणाऱ्या जळगावच्या डॉ. पायल तडवीने आत्महत्या केली. तीन सीनियर डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा गुन्हा दाखल झाला. अशा प्रत्येक घटनेनंतर मागणी येते: कॉलेजात मानसोपचारतज्ज्ञ नेमा, समुपदेशक नेमा.

नेमाच. पण त्यांनी कोणाला बसवून समजवायचे? छळ सोसणाऱ्या मुलीलाच "मन घट्ट कर, दुर्लक्ष कर" सांगितले, तर अन्याय हा तिचाच आजार ठरतो आणि छळणारा निरोगी सुटतो. असा मानसशास्त्रज्ञ व्यवस्थेचा चौकीदार आहे.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जात ही मनाची अवस्था असल्याचे मांडले. मग मनाच्या जाणकाराचे काम छळणाऱ्याच्या मनापासून सुरू झाले पाहिजे. त्याने वॉर्डातल्या राउंडला उभे राहावे. सीनियर ज्युनियरशी आणि डॉक्टर पेशंटशी कसा बोलतो ते पाहावे. परीक्षेत त्या वागणुकीला गुण असावेत. तक्रार विभागप्रमुखाच्या हातून न जाता थेट पुढे नेण्याचा अधिकार त्याला असावा. आणि आधी त्याने स्वतःची जात तपासावी. मानसशास्त्राची पदवी घेतली म्हणून ती गळून पडत नाही.

हे उपकार नव्हेत. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १८ जातीवरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क देते.

आता आपल्या ओरोसलाही सरकारी मेडिकल कॉलेज आहे. आपल्या वाड्यांतली मुले तिथे डॉक्टर होतील, आपल्या आया तिथे पेशंट म्हणून जातील. एखादा जीव जाण्याची वाट न पाहता आजच लेखी विचारूया: तक्रार ऐकणारा कोण, तो कोणाच्या हाताखाली, आणि वर्षभरात त्याने किती जणांना जाब विचारला?

जय भीम!