किडा दिसतो, जंतू दिसत नाही

गेल्या पेसाहच्या आदल्या दिवशी आमच्या लोदच्या घरात हसाच्या पिशवीवरून लहानसा वाद झाला. धाकट्या सुनेला सातवा महिना होता. मुलाने मारोरसाठी कापून-धुऊन पिशवीत भरलेला हसा आणला खरा, पण वाटेत इतर कामे उरकताना तो बंद मोटारीत तीन तास राहिला. बाहेर कडक ऊन. पिशव्या हाताला कोमट लागत होत्या.

आम्ही त्या टाकायला निघालो, तशा आत्याबाई म्हणाल्या, "अगं, सणासुदीला अन्न टाकतेस? वर रब्बानुतचा शिक्का आहे, एक किडा सापडायचा नाही. पुन्हा एकदा धुऊन घे म्हणजे झालं!"

त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. ठाण्याला आमच्या लहानपणी कोथिंबिरीचे पान न् पान उजेडात धरून निवडले जाई, आणि ताटात टाकलेला घास आईला खपत नसे. पण तो शिक्का किड्यांपुरता आहे. किडा डोळ्यांना दिसतो, जंतू दिसत नाही.

शेतातले पाणी, खत, जनावरांची विष्ठा यांतून जंतू पानांवर येतात. कारखान्यात पाला क्लोरीनच्या पाण्यात धुतात, त्याने पुष्कळ जंतू मरतात, सगळे नाहीत. पानांच्या सुरकुत्यांत आणि कापलेल्या कडांत ते चिकटून राहतात. शिवाय अनेक शेतांचा पाला एकाच पाण्यात पडतो, म्हणजे एकाचा दोष सर्वांना लागतो. कापलेल्या पानांतून सुटणारा रस साल्मोनेला जंतूंना पोषक ठरतो, हे २०१६ साली इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखविले. अशी पिशवी उन्हात तापली की जंतू झपाट्याने वाढतात, आणि मग घरच्या नळाखाली धुऊन ते निघत नाहीत.

२००६ साली अमेरिकेत पिशवीतल्या कच्च्या पालकाने सुमारे २०० माणसे आजारी पडली, काही दगावली. २०११ साली जर्मनीत तर आपल्या ओळखीची मेथीच निमित्त झाली. मोड आलेल्या मेथीतून ई. कोलाय जंतू पसरला आणि ५० हून अधिक माणसे मरण पावली. ती खाणारी माणसे अस्वच्छ नव्हती. आरोग्यासाठी म्हणूनच कच्चे खात होती.

आत्याबाईंना आम्ही हे सारे सांगितले नाही. फक्त एक आठवण सांगितली. आम्ही प्रसूती विभागात नोकरीला असताना सातव्या महिन्याची एक मुलगी तापाने आली. अंग दुखते, थंडी वाजते, एवढीच तक्रार. फ्लू असेल असे आम्हांलाही वाटले. रक्तात लिस्टेरिया निघाला. मुलगी वाचली, बाळ गेले. तिची आई आम्हांला विचारत राहिली, "हिने खाल्लं तरी काय?" उत्तर कोणापाशीच नव्हते, कारण हा आजार खाल्ल्यानंतर कित्येक आठवड्यांनीही उद्भवतो. लिस्टेरिया फ्रिजच्या थंडीतही वाढतो. निरोगी माणसाला बहुधा काही होत नाही. गर्भार बाई, नवजात बालक आणि आमच्यासारखी वयस्क माणसे यांना त्याचे भय.

आत्याबाई गप्प झाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "टाक त्या पिशव्या."

भगिनींनो, पिशवीतला पाला खाऊच नका असे आमचे म्हणणे नाही. मात्र खरेदीत तो शेवटी घ्या, तडक घरी आणा आणि ४ अंशांच्या आसपास थंड फ्रिजमध्ये ठेवा. तारीख टळलेली, फुगलेली वा चिकट झालेली पिशवी घेऊ नका. उघडल्यावर एक-दोन दिवसांत संपवा. पिशवीवर 'खाण्यास तयार' असे लिहिले असेल तर पुन्हा धुण्याने फारसा लाभ नाही, उलट मोरीतले कच्च्या कोंबडीचे जंतू त्याला लागायचे. घरात गर्भार बाई असेल तर अख्खा गड्डा आणावा, बाहेरची पाने काढून वाहत्या पाण्याखाली एकेक पान धुवावे आणि लगेच वाढावे. मोड आलेली मेथी, मूग, मटकी तिला नीट शिजवूनच द्यावी.

त्या संध्याकाळी मुलगा पुन्हा दुकानात गेला. त्याने आणलेला हसा आत्याबाईंनीच चष्मा लावून निवडला आणि धुतला. आता नात झाली आहे. तिला मांडीवर घेतले की त्या म्हणतात, "हिच्यापायी तुझ्या आजीने सणाचा हसा टाकला हो!" आम्ही हसतो. त्या दुसऱ्या आईचा प्रश्न मात्र अजून कानात आहे.