एका वर्षाचा जमाखर्च

बी. कॉम. होऊन मी लिपिक म्हणून नोकरीला लागले त्याला बावीस वर्षे झाली. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब पै न् पै जुळवला, पण स्वतःच्या संसाराचा हिशेब मांडायला आम्हा बायकांना सवड कुठे असते? सकाळी डबे, दिवसभर फायली, संध्याकाळी विहारातील मुलांचा अभ्यासवर्ग आणि रात्री भांडी. तरीही २०२४ हे साल आम्हा दोघांना असे काही दाखवून गेले की त्याचा जमाखर्च या पानावर मांडावासा वाटतो. कदाचित एखाद्या भगिनीच्या उपयोगी पडेल.

आम्ही भुसावळचे. आमचे हे एस.टी.त ड्रायव्हर. चोवीस वर्षे लोकांना लग्नाला, यात्रेला, बाजाराला, दवाखान्यात पोहोचवले. पण बायकोला घेऊन कुठे जाणे त्यांना कधी जमले नाही. ड्रायव्हरच्या घरात असेच असते. सणासुदीला जादा गाड्या आणि एरवी मुक्कामाची गाडी. दोघांची सुटी एका दिवशी येणे म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. मोठी मुलगी पुण्यात नर्सिंग शिकते, मुलगा तेव्हा बारावीला होता. सासूबाई सत्त्याहत्तर वर्षांच्या, आमच्याकडेच असतात. शिवाय मोती नावाचा म्हातारा कुत्रा आणि मनी नावाची मांजर. एवढा आमचा परिवार.

जानेवारीत एका रविवारी तो योग आला आणि आम्ही अजिंठ्याला गेलो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. फुकट, बायकांना २०२३ पासून अर्धे तिकीट आणि ह्यांना पास. म्हणजे तिघांचा प्रवास अर्ध्या तिकिटात झाला! फर्दापूरच्या फाट्यावरून लेण्यांच्या गाडीत बसलो. वर चढायला डोलीवाले विचारू लागले, तर आई म्हणाल्या, "जित्या मानसाले चौघांनी उचलू नाही, बाबा." मग बसत, उठत, पाणी पीत चढल्या. पहिल्या लेण्यात पद्मपाणीचे चित्र आहे. चित्रांना इजा होऊ नये म्हणून तिथे प्रकाश मंदच ठेवलेला असतो. आईंना कमळ दिसले, मला दिसले. हे मात्र बराच वेळ उभे राहून म्हणाले, "मला नुसता अंधार दिसतो. तुम्ही बघा." तेव्हा आम्हाला वाटले, उन्हातून एकदम आत आल्यामुळे असेल.

खरे कारण मार्चमध्ये कळले. तपासणीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. वय सत्तेचाळीस. रक्तातली साखरही वाढलेली. डॉक्टरांनी समजावून सांगितले की डोळ्यातले भिंग गढूळ होते, मधुमेह असला की ते लवकर होते, आणि रात्री समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यात फुटल्यासारखा पसरतो. हे गप्प बसून ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "दिवा फुटतो हे खरं आहे. मला वाटलं, आताचे दिवेच तसे निघाले."

घरी आल्यावर आईंनी विचारले, काय निघाले? मी सांगितले. त्या म्हणाल्या, "मोती घरात व्हताच, आता बिंदूबी आला." आम्ही हसलो खरे, पण त्या रात्री दोघांनाही झोप नव्हती. साखर आटोक्यात आल्याशिवाय शस्त्रक्रिया नाही आणि नजर साफ झाल्याशिवाय स्टिअरिंग हाती नाही. ह्यांना डेपोतच बसून करायचे काम मिळाले. पगार चालू राहिला, पण जादा कामाचे पैसे गेले. मुलीच्या शिक्षणाचा खर्च त्याच पैशांवर चालत असे.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट वेगळी होती. ज्या माणसाच्या हातात रोज पन्नास जणांचा जीव असतो, त्याला एकदम खुर्चीवर बसवले की तो आतून खचतो. एका नातेवाइकाने लग्नाच्या पंगतीत विचारले, "आता काय, शिपाई झालास का?" हे जेवण अर्धे टाकून उठले. घरी आल्यावर मी म्हटले, "शिपाई असता तरी मी अशीच तुमच्याशेजारी बसून जेवले असते." ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून चालायला जाऊ लागले. सोबतीला मोती. दोघेही म्हातारे झाल्यासारखे हळूहळू जात आणि ताजेतवाने होऊन परत येत. चहातली साखर बंद झाली, भात अर्ध्यावर आला. ज्वारीची भाकरी ते स्वतः थापायला शिकले. पहिल्या भाकरीचा नकाशा झाला होता, पण आईंनी ती कौतुकाने खाल्ली.

१३ मे रोजी आमच्या रावेर मतदारसंघात लोकसभेचे मतदान होते. माझी केंद्रावर ड्युटी लागली. बोटाला शाई लावायची आणि नोंदवहीत सही घ्यायची. भुसावळचा मे महिना कसा असतो ते सांगायला नको. आदल्या दिवशी साहित्य घेऊन निघाले तेव्हा बाटल्यांना ओले फडके गुंडाळून ह्यांनी पिशवी भरून दिली होती. इतकी वर्षे ड्युटीवर ते जात आणि डबा मी भरत असे. मतदान उरकल्यावर त्याच महिन्यात त्यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि जुलैमध्ये डाव्या डोळ्याची. ह्यांचे जुने कंडक्टर मित्र दोन्ही वेळा दवाखान्याच्या बाकावर रात्रभर बसून होते. पंधरा वर्षे एका गाडीत काढलेली माणसे ती. रक्ताच्या नात्याहून हे नाते कमी कसे म्हणावे?

जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले. आमच्या गल्लीतल्या कितीतरी बायकांना मोबाईलवर अर्ज भरता येत नव्हता. ऑफिस सुटल्यावर मी विहारात बसू लागले आणि माझ्याशेजारी हेही. एक डोळा नवा, दुसऱ्यावर हिरवी पट्टी, आणि तशात आधार कार्डावरचे आकडे मला वाचून दाखवत. आकडा चुकला की बाईचा हप्ता अडणार, म्हणून प्रत्येक आकडा दोनदा वाचत. रोज बायका "भाऊ, माझं झालं का?" असे विचारत येत. माणसाला आपण उपयोगाचे आहोत असे वाटले की अर्धा आजार पळतो, हे मी त्या दिवसांत पाहिले.

१५ ऑगस्टला गुरुवार होता. शुक्रवारची एक किरकोळ रजा टाकली की रविवारपर्यंत चार दिवस मिळत होते. हे अजून डेपोतच असल्याने त्यांनाही रजा मिळाली. घर, आई आणि मोती मुलाच्या हवाली केले. सकाळी झेंडावंदन करून घरी आले तर दारात दोनतीन बायका उभ्या. खात्यावर तीन हजार जमा झाल्याचा संदेश दाखवायला आल्या होत्या. त्यांच्या हातचा पेढा खाऊन आम्ही भोपाळची रेल्वे पकडली. लग्नाला तेवीस वर्षे झाली होती आणि दोघांनीच केलेला हा पहिला प्रवास.

दुसऱ्या दिवशी सांचीला पोहोचलो. पावसाने टेकडी हिरवीगार झाली होती. सम्राट अशोकाच्या काळात सुरू झालेला तो स्तूप आणि चार दिशांची चार तोरणे. त्या तोरणांवर तथागत माणसाच्या रूपात कुठेच नाहीत. बोधिवृक्ष, चक्र, पावले, रिकामे आसन, एवढ्यावरून ओळखायचे. हे एकेका खांबापुढे उभे राहून वाचल्यासारखे पाहत होते. "हा हत्ती बघ. हे वानर. आणि या बाईच्या पायातली वाळी मोज." मीच थकून बसले, पण त्यांचे पाहणे संपेना.

तिथल्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. फक्त राजे नाहीत. भिक्खुणी आहेत, व्यापारी आहेत, साध्या गृहिणी आहेत. दक्षिण तोरणावरचे काही कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले, तसा लेखच तिथे आहे. दात्यांमध्ये एक लेखनिकही आहे, हे मी आधी वाचले होते. ते सांगितल्यावर हे म्हणाले, "म्हणजे तुझ्या खात्याचा माणूस! आणि दगड वाहून आणणारे गाडीवान? ते माझे." शनिवारी महूला जाऊन बाबासाहेबांच्या जन्मस्थळी नतमस्तक झालो आणि रविवारी रात्री घरी पोहोचलो.

सप्टेंबरच्या ३ आणि ४ तारखेला एस.टी.चा संप झाला. तो मिटल्यावर त्याच महिन्यात ह्यांना पुन्हा गाडी मिळाली. खाकी गणवेश घालून निघाले तेव्हा आईंनी नाकाला पदर लावला. ३ ऑक्टोबरला मराठीसोबत पाली आणि प्राकृतला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. त्या रविवारी अभ्यासवर्गात मुलांना सांचीच्या लेखांची गोष्ट सांगायला मी ह्यांनाच उभे केले. भाषण नाही येत, नाही येत म्हणत पाऊण तास बोलले.

खर्चाच्या बाजूला एक मोठी नोंद आहे. डिसेंबरच्या थंडीत मोती गेला. बारा वर्षांचा होता. ह्यांच्या आजारपणात रोज पहाटे त्यांना घराबाहेर काढण्याचे काम त्याने केले. दोन दिवस आई नीट जेवल्या नाहीत. त्याच्या पोत्यावर आता मनी तिच्या पिल्लांना घेऊन झोपते.

पैशांच्या दृष्टीने पाहिले तर ते वर्ष तुटीचे गेले. सोसायटीचे कर्ज झाले, त्याचे हप्ते चालू आहेत. पण तेवीस वर्षांत आम्ही एकमेकांशी जेवढे बोललो नव्हतो, तेवढे त्या सात महिन्यांत बोललो. ते कोणत्या खात्यात दाखवावे?

भगिनींनो, ज्यांचे धनी गाडी चालवतात त्यांना एवढेच सांगणे आहे. चाळिशी उलटली की वर्षातून एकदा साखर आणि डोळे तपासून घ्या. "मला काही होत नाही" असे ते म्हणतील, तरी हाताला धरून न्या. आणि जमेल तेव्हा, एक दिवस का होईना, दोघे मिळून कुठे तरी जाऊन या. मुले मोठी होतात, कर्ज फिटते, पण गेलेली वर्षे कोणत्याही डेपोतून परत सुटत नाहीत.