बिबट्याच्या मिशा

सायखेड्याचा म्हटलं की होस्टेलवर पहिला प्रश्न ठरलेला, "तुमच्याकडे खरंच बिबटे येतात का रे?" येतात की! गोदाकाठचा ऊस म्हणजे त्यांना लपायला आयती जागा. त्या धास्तीनं माझी पुतणी संध्याकाळनंतर अंगणातही येईना. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत जुन्या मोज्याचा बिबट्या शिवला. पण मिशांशिवाय तो नुसता ठिपक्यांचा बटाटा! शिवणाचा दोरा लोंबला, खराट्याचा हीर मोडला. शेवटी गळाचा तंगूस कामाला आला. सुईत ओवून एका गालातून दुसऱ्या गालात काढायचा, म्हणजे एका तुकड्यात दोन मिशा. गालाशी गाठ, वर फेव्हिकॉलचा थेंब. गुंडाळीमुळे आलेला बाक मिशीला शोभतोच!

"काका, याला मिशा कशाला?"

"मिशांच्या मुळाशी नसा असतात. अंधारात जवळचं काही असलं की त्यांना कळतं." आपल्या भाषेत सेन्सरच हो!

"म्हणजे तोपण अंधारात चाचपडतो?"

आता ती आजीचा हात धरून, बॅटरी घेऊन, मोठ्यानं गाणी म्हणत अंगणात येते. उसाकडे मात्र फिरकत नाही. भीती पूर्ण जाऊ नयेच मंडळी, तिला शिस्त लागली एवढं पुरे!