नर्मदेच्या वाटेवरचे दोन भाऊ

जबलपूरला जाणाऱ्या मराठी माणसाचा कार्यक्रम सहसा ठरलेला असतो. सकाळी ग्वारीघाटावर नर्मदेचे स्नान, मग भेडाघाटला जाऊन धुआंधार धबधबा पाहायचा, संगमरवरी कड्यांमधून नावेची सफर करायची, टेकडीवरच्या चौसष्ट योगिनींच्या मंदिराच्या पायऱ्या चढायच्या. शहरात मदनमहालचा किल्ला आणि राणी दुर्गावतीच्या नावाचे संग्रहालय. मग परतीची गाडी. मुंबईशी या गावाचे नाते जुने आहे. मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून येणारे लोहमार्ग १८७० साली इथेच एकमेकांना मिळाले.

पण जबलपूरहून आणखी एक वाट निघते. नर्मदेच्या प्रवाहाच्या उलट दिशेने ती मंडला, दिंडोरी करत अमरकंटककडे चढत जाते. परिक्रमावासी सोडले तर या वाटेला फारसे कोणी वळत नाही. साल आणि सागाची जंगले, कोदो-कुटकीची शेते, मातीने सारवलेली घरे. हा गोंड आणि बैगा आदिवासींचा मुलूख. एका इंग्रज तरुणाची आणि त्याच्या मराठी मित्राची हकिगत याच वाटेवर घडली.

अलीकडे आपल्याकडेही शिक्षण संपल्यावर एक वर्ष मोकळे ठेवायचे, परदेशात जाऊन एखाद्या संस्थेत स्वयंसेवा करायची आणि तिथली भाषा शिकायची, अशी कल्पना रुजू लागली आहे. मुले उत्साहाने विचारतात, आई-वडील काळजीने विचारतात, ‘एका वर्षात काय साधणार?’ या प्रश्नाचे उत्तर शोधायला नर्मदेची ही वाट चांगली आहे.

व्हेरियर एल्विन यांचा जन्म १९०२ चा. ऑक्सफर्डचे हुशार विद्यार्थी, धर्मशास्त्राचे अभ्यासक. १९२७ साली ते ख्रिस्त सेवा संघात दाखल होण्यासाठी भारतात आले आणि पुण्याच्या आश्रमात राहिले. पुढच्याच वर्षी साबरमतीला त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि त्यांच्या मनाची दिशा बदलली. आश्रमातल्याच शामराव हिवाळे या मराठी तरुणाशी त्यांची मैत्री जमली. गोंडांमध्ये काम करावे, ही सूचना जमनालाल बजाज यांची. १९३२ च्या जानेवारीत हे दोघे तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी पोहोचले आणि टेकडीवर झोपडी बांधून राहू लागले.

गावकऱ्यांनी त्यांना आपली नावे दिली. एल्विन झाले ‘बडा भाई’ आणि शामराव ‘छोटा भाई’. दवाखाना, शाळा आणि कुष्ठरोग्यांसाठी घर, अशी कामे हळूहळू उभी राहिली. सरकारची वक्रदृष्टी होती. चर्चशीही पटेना, म्हणून १९३५ साली एल्विन चर्चमधून बाहेर पडले. मलेरिया तर पाचवीलाच पुजलेला.

त्या झोपडीत राहून दोघांनी केलेली सर्वात मोठी गोष्ट म्हणजे ऐकणे. गोंडी ही तेलुगूच्या कुळातली भाषा. आपल्या गडचिरोलीत ती आजही बोलली जाते. मंडल्याकडचे बरेच गोंड मात्र छत्तीसगढीला जवळची अशी हिंदी बोली बोलतात. पुस्तकातली हिंदी इथे पुरत नाही. ती बोली शिकायची तर लग्नात, बाजारात आणि रात्रीच्या करमा नाचात बसावे लागते. दोघे तसे बसले. त्यातून १९३५ मध्ये गोंड लोकगीतांचा त्यांचा संयुक्त इंग्रजी संग्रह निघाला.

भाषा कळली की काय बदलते, याचे एक उदाहरण बैगांचे आहे. जंगलाचा तुकडा तोडून, जाळून त्या राखेत बी फेकायचे, ही त्यांची ‘बेवर’ शेती. जंगल खात्याने ती बंद करून त्यांना नांगर धरायला लावले. बैगा नाखूश होते. वरवर पाहणाऱ्याला तो आळस वाटला. एल्विननी त्यांच्यात बसून ऐकले, तेव्हा कळले की नांगर चालवणे म्हणजे धरणीमातेच्या छातीवर घाव घालणे, अशी त्यांची श्रद्धा आहे. १९३९ मध्ये आलेल्या त्यांच्या बैगांवरील ग्रंथात ही बाजू जगापुढे आली.

या गोष्टीला दुखरी बाजूही आहे. १९४० साली एल्विननी आपल्या शाळेतल्या एका गोंड मुलीशी विवाह केला. १९४९ मध्ये घटस्फोट झाला. आत्मचरित्रात त्यांनी या पर्वावर फारच थोडे लिहिले आहे. मदत करणारा आणि मदत घेणारा यांच्यातली दरी भाषा शिकूनही पूर्ण बुजत नाही, याची आठवण हे प्रकरण करून देते. १९५४ मध्ये एल्विन ईशान्य भारतात सरकारी सल्लागार म्हणून गेले, भारताचे नागरिक झाले, पद्मभूषण मिळाले. १९६४ मध्ये ते वारले. त्यांचे नाव झाले. शामराव मात्र मागेच राहिले. गोंडांचे भाट असलेल्या परधानांवर १९४६ साली त्यांनी लिहिलेले पुस्तक आजही अभ्यासकांना लागते, पण महाराष्ट्रात छोट्या भाईचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

पुढे गडचिरोलीत हेच पुन्हा घडले. १९७३ मध्ये हेमलकसाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना औषधांबरोबर माडिया भाषाही हाताशी धरावी लागली. रोग्याला कुठे दुखते हेच कळले नाही, तर गोळी कशाची देणार?

दोघा भावांचे नंतरचे मुक्कामाचे गाव पाटनगढ. आज ते दिंडोरी जिल्ह्यात आहे. गोंड चित्रकलेला जगभर नेणारे जनगढसिंग श्याम याच गावचे, परधान घराण्यातले. त्यांच्याच कुटुंबातले भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. भज्जू एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला दोन महिने लंडनला गेले होते. इंग्रजी येत नव्हते. परत येऊन त्यांनी चित्रे काढली. त्यांत लंडनचे मोठे घड्याळ कोंबडा झाले, कारण दोघेही वेळ सांगतात. भुयारी रेल्वे झाली गांडूळ. २००४ मध्ये या चित्रांचे पुस्तक निघाले. बडा भाई ज्या देशातून आला, तो देश पाटनगढच्या माणसाने आपल्या भाषेत वाचला.

तेव्हा मुलगा किंवा मुलगी वर्षभरासाठी निघाली, तर काळजीने अडवू नये. एका वर्षात गाव बदलत नाही, पण ऐकायची सवय लागू शकते. इतके झाले तरी वर्ष वाया गेले नाही.

जबलपूरहून दिंडोरी सुमारे दीडशे किलोमीटर आहे. ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. पावसाळ्यात भेडाघाटच्या नावा बंद असतात. पाटनगढला गेलात, तर चित्र विकत घेण्याआधी चित्रकाराला त्यामागची गोष्ट जरूर विचारा. आणि ती पूर्ण ऐका.