दोन वर्षांचे गाव

अमेरिकेच्या पश्चिम भागातील युटा राज्यात एक प्रघात आहे. तेथे मॉर्मन पंथीयांची वस्ती मोठी. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली स्थापन केलेला हा ख्रिस्ती पंथ १८४७ साली ब्रिगम यंग यांच्या नेतृत्वाखाली सॉल्ट लेकच्या खोऱ्यात येऊन स्थिरावला. या पंथातील मुलगा वयात आला, की त्याने दोन वर्षे धर्मप्रचारास जावे अशी अपेक्षा असते. पूर्वी त्यासाठी वयाची एकोणीस वर्षे पूर्ण व्हावी लागत. २०१२ पासून अठरा पुरतात. कोठे जावयाचे हे तो स्वतः ठरवीत नाही. मुख्यालयातून एक पत्र येते, त्यात देशाचे नाव असते, आणि ज्या देशाचे नाव त्याने भूगोलाच्या पुस्तकातच काय ते वाचलेले असते, त्या देशाची भाषा तो शिकू लागतो. वेतन नाही, खर्च आपला किंवा घरच्यांचा. पांढरा सदरा, टाय, छातीवर काळी नामपट्टी, सोबतीस एक जोडीदार आणि बहुधा एक सायकल, एवढा त्याचा सरंजाम. घरी दूरध्वनी करण्याची मुभा २०१९ पर्यंत वर्षातून दोनदाच असे, नाताळात आणि मातृदिनी.

दोन वर्षे सरली की मुलगा परततो, शिक्षण पुरे करतो, संसारात पडतो. पण भाषा जिभेवर राहून गेलेली असते, आणि पुष्कळदा तीच त्याला पोटापाण्याच्या उद्योगासाठी पुन्हा त्या मुलुखात ओढून नेते. जपानात प्रचारक म्हणून गेलेले केंट गिल्बर्ट पुढे वकील होऊन टोकियोस परतले आणि तेथील दूरचित्रवाणीवर घरोघरी ओळखीचे झाले. तैवानात प्रचार केलेले जॉन हंट्समन २००९ ते २०११ या काळात चीनमध्ये अमेरिकेचे राजदूत होते. ही झाली नामांकित माणसे. मला जे गृहस्थ भेटले ते एक साधे अभियंता. १९८२ साली एकोणीस वर्षांचे असताना ते तैवानच्या दक्षिणेकडील तैनान शहरी प्रचारक होते. चाळीस वर्षांनंतर यंत्रांच्या देखभालीचे काम घेऊन ते त्याच बेटावर परतले. त्यांच्यासमवेत मला काही दिवस हिंडावयास मिळाले. त्या हिंडण्याची ही हकीकत.

त्यांचा मुक्काम होता सिन्चू शहरी. हे वाऱ्याचे शहर. त्याच वाऱ्यावर येथे तांदळाच्या बारीक शेवया वाळवितात, आणि त्या बेटभर प्रसिद्ध आहेत. परंतु आज जग सिन्चूला ओळखते ते तेथील विज्ञान उद्यानामुळे. १९८० साली ते सुरू झाले. १९८७ साली तैवान सेमीकंडक्टर ही कंपनी निघाली. आणि आज आपल्या हातातील दूरध्वनीपासून रुग्णालयातील यंत्रांपर्यंत असंख्य वस्तूंच्या पोटात या बेटावर घडलेली नखाएवढी चकती असते. "मी प्रथम आलो तेव्हा या उद्यानाचे नावही ऐकले नव्हते," ते म्हणाले. त्या वेळी देशात लष्करी कायदा होता. १९४९ साली लागू झालेला तो कायदा १९८७ साली उठला.

आपणांस वाटेल, भाषा येत असल्यावर कामात अडचण ती कसली? पण प्रार्थनेची भाषा वेगळी आणि कारखान्याची वेगळी. चिनी भाषेत एकच अक्षर निरनिराळ्या सुरांत उच्चारले की अर्थ पालटतो. 'माय' हे सूर खाली नेऊन पुन्हा वर उचलीत म्हटले तर 'विकत घेणे', आणि वरून झटकन खाली सोडले तर 'विकणे'! श्रद्धा, क्षमा, पश्चात्ताप हे सारे शब्द त्यांना मुखोद्गत होते. 'निर्वात पंप' आणि 'हप्त्याची मुदत' मात्र साठाव्या वर्षी वही घेऊन शिकावे लागले.

दुसरी अडचण चहाची. हा देश चहाचा. डोंगरउतारांवर मळे, घरी-कचेरीत इवलेसे पेले, आणि पाहुण्याला चहा देणे हा तर सौजन्याचा पहिला धडा. मॉर्मन मनुष्य चहा, कॉफी, मद्य, तंबाखू यांना शिवत नाही. प्रचारक नकार देतो तेव्हा यजमान हसून सोडून देतो. पण व्यवहारास आलेल्या माणसाने पेला दूर सारला तर समोरच्याचे मन खट्टू होते. आमच्या मित्रांनी त्यावर तोड काढली आहे. भाजलेले जव घालून उकळलेले पाणी तेथे सर्रास पितात. ते प्रथमच मागून घेतात आणि इतरांबरोबर पेला उचलतात.

एका शनिवारी आम्ही तैनानला निघालो. २००७ साली सुरू झालेली वेगवान आगगाडी हे अंतर दीड तासाच्या आत तोडते. गाडीत पुढच्या स्थानकाची घोषणा मंदारिन चिनी, तैवानी, हाक्का आणि इंग्रजी अशा चार भाषांत होते. तैवानी घोषणा ऐकताना मित्र सावध होऊन बसले. लष्करी कायद्याच्या दिवसांत ही घरची बोली शाळेत बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे. त्यांनी ती शिकली दारोदार; कारण म्हाताऱ्या बायांना दुसरी भाषा येतच नसे. त्या दार उघडून प्रथम विचारीत, "च्या पा बोए?", म्हणजे "जेवलास का पोटभर?" आपल्याकडील आजीचा पहिला प्रश्न याहून वेगळा असतो काय?

तैनान ही बेटाची जुनी राजधानी. १६२४ साली डच लोकांनी येथे समुद्रकाठी किल्ला बांधावयास घेतला. १६६२ साली चिनी सेनानी कोशिंगा याने त्यांना घालवून दिले. १६६५ साली कन्फ्यूशियसचे मंदिर उभे राहिले. त्याच्या लाल भिंतींलगत आजही झाडांची गर्द सावली आहे. गल्लोगल्ली देवळे, उदबत्त्यांचा धूर, दुकानांतून कोवळी हिरवी सुपारी चुना लावून विड्याच्या पानात गुंडाळून ठेवलेली. संध्याकाळी कानांवर बेथोव्हेनची सुरावट येते. ती संगीतशाळेतून येत नसून कचऱ्याच्या गाडीतून येते, आणि घराघरांतून माणसे पिशव्या घेऊन रस्त्यावर धावतात.

अशाच एका गल्लीत त्यांचे एक जुने स्नेही राहतात. १९८२ साली ते विद्यार्थी होते, आणि आमच्या मित्रांच्या प्रचाराने त्यांनी पंथाची दीक्षा घेतली होती. दार उघडताच त्यांनी हाक मारली, "जांगलाओ!" मॉर्मन प्रचारकाला हेच संबोधन आहे, त्याचा अर्थ 'ज्येष्ठ', 'वडीलधारा'. एकोणीस वर्षांच्या पोराला ते शोभत नसे. आता शोभते.

या भेटीविषयी मित्रांच्या मनात धाकधूक होती, ती का हे समजण्यासाठी तेथील घर पाहावे लागते. तैवानी घरात पूर्वजांच्या नावांची लाकडी पाटी देवघरात असते. चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी तिच्यापुढे उदबत्ती लावावयाची, एप्रिलच्या प्रारंभी छिंगमिंगच्या सणाला कुळाच्या थडग्यांवरचे गवत काढावयाचे, हे थोरल्या मुलाचे कर्तव्य. आणि हे स्नेही थोरले. दीक्षेनंतर त्यांनी उदबत्ती लावणे सोडले. वडिलांनी पुढे कित्येक वर्षे त्यांच्याशी संभाषण केले नाही. पाटी धाकट्या भावाच्या घरी गेली. मराठी वाचकाला अशा घराची ओळख नव्याने करून द्यावयास नको. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा घरावर काय ओढवले हे लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'नी आपणांस सांगितलेच आहे.

जेवण झाल्यावर मित्रांनी विचारले, "मी तुम्हांला फार मोठे ओझे देऊन गेलो काय?"

स्नेही काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही दोन वर्षांनी गेलात. मी येथेच राहिलो. ओझे होते, पण उचलले मी. ते माझे आहे, तुम्ही परत मागू नका."

मग त्यांनी आतून एक जाड वही आणली. ती कुळाची वंशावळ. फूच्येन प्रांतातून समुद्र ओलांडून आलेल्या मूळ पुरुषापासून तीत नावे होती. शेवटच्या पानांवरील अक्षर वडिलांचे. त्या अबोल्याच्या वर्षांतही वडिलांनी थोरल्याचे नाव खोडले नव्हते. उलट त्याच्या लग्नाची, मग एकेका मुलाच्या जन्माची नोंद त्यांनी सुवाच्य अक्षरांत करून ठेवली होती. वडील गेल्यावर वही धाकट्याने आणून दिली. आता छिंगमिंगला दोघे भाऊ मिळून जातात. एक उदबत्ती लावतो, दुसरा गवत काढतो.

गंमत अशी की पूर्वजांच्या नावांचा ध्यास मॉर्मन पंथालाही तितकाच आहे. मेलेल्यांनाही दीक्षा देता येते अशी त्यांची श्रद्धा, आणि त्यासाठी नावे हवीत. म्हणून १८९४ साली युटात वंशावळींची संस्था निघाली. तिने देशोदेशीच्या नोंदी सूक्ष्मपटांवर उतरवून घेतल्या. चिनी कुळांच्या वह्या त्यांत आहेत, आणि आपल्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही आहेत. ज्या पाटीपायी बाप-लेकांत अबोला झाला, त्या पाटीवरची नावे दोन्ही बाजूंना सारखीच मोलाची होती. एकोणीस वर्षांच्या मुलाजवळ हे सांगण्याइतकी भाषा नव्हती, आणि बापाला तरी कोणी विचारले होते?

आमच्या मित्रांचा कामाचा करार याही खेपेस दोन वर्षांचाच आहे. शनिवारची तैनानची गाडी मात्र ते सहसा चुकवीत नाहीत. वाचकहो, आज आपल्याही घरांतील मुले-मुली दोन वर्षे, तीन वर्षे अशा बोलीवर परप्रांती आणि परदेशी जातात. तेथे कोणी त्यांना भाषा शिकविते, कोणी जेवू घालते, कोणी त्यांच्या शब्दावर विसंबून आयुष्याची दिशा बदलते. त्यांचे पत्र आले, की पगार आणि हवापाणी विचारून झाल्यावर, त्या माणसांचीही खुशाली आपण एकदा विचारावी.