आजीचा फोटो
"बटन दाबायला चार वर्सं लागत्यात व्हय?" फोटोग्राफीच्या पदवीला निघालो तेव्हा आबांनी विचारलं होतं.

डार्करूमच्या लाल उजेडात, डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कोऱ्या कागदावर आजीचे हात हळूहळू उमटले. दिवाळीच्या सुट्टीत टिपलेले. भाकरी थापणारे, पिठाळ. चेहरा मुद्दाम सोडलेला, नाहीतर ती स्टुडिओतली तसबीर झाली असती, असं आमचं तेव्हाचं शहाणपण! सरांनी प्रिंट भिंतीवर लावली.

पौषात आजी गेली. तेराव्याला हार घालायला फोटो हवा. आबा म्हणाले, "तुज्याकडं असतील की ढीगभर."

सगळ्या निगेटिव्ह खिडकीशी धरून बघितल्या. हात, पाठ, चुलीपुढची सावली.

शेवटी तालुक्याच्या स्टुडिओवाल्यानं मतदानाच्या ओळखपत्रावरून फोटो मोठा करून दिला. आजी त्यात दचकल्यासारखी बघते.